जुन्या ट्रॅक्टरचा डिझेलचा काटा चालत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅक्टर जुना झाला की हॉर्न, इंडिकेटर आणि डिझेलचा काटा हे तिघं साधारण याच क्रमानं साथ सोडतात. आमचा ३५ एचपीचा ट्रॅक्टर कित्येक वर्षं काट्याशिवाय चालला आणि कुणाचं काही अडलं नाही. एका रात्री मात्र असं अडलं की त्यानंतर मी स्वतः मल्टिमीटर घेऊन बसलो. तेव्हापासून गावातले, पाहुण्यांतले लोक जे प्रश्न विचारतात ते इथं एकत्र लिहून ठेवले आहेत.

काटा हलत नाही म्हणजे मीटर गेलं ना? नवीन टाकू का?

थांबा. दुकानात जाऊन मीटर आणणं ही सगळ्यात शेवटची पायरी आहे, आणि बहुतेक लोक पहिल्यांदा तेच करतात. मग नवीन मीटरचा काटाही तसाच झोपलेला दिसतो आणि दुकानदाराशी भांडण होतं.

करंट कसा फिरतो ते आधी बघा. बॅटरीतून चावी, चावीतून फ्यूज, तिथून मीटर. मीटरमधून एकच वायर बॉनेटखालून टाकीपर्यंत जाते. टाकीच्या वर किंवा बाजूला पाच-सहा स्क्रूंनी बसवलेली गोल चकती असते, तिच्या मधल्या बोल्टला ही वायर लागते. चकतीच्या खाली, टाकीच्या आत, एका दांडीला फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगणारा पोकळ डबा, लटकलेला असतो. डिझेल कमी-जास्त झालं की फ्लोट खाली-वर होतो आणि दांडीचं दुसरं टोक बारीक तारेच्या गुंडाळीवर सरकतं. गुंडाळीची जेवढी तार मध्ये येईल तेवढा करंटला अडथळा. हा करंट शेवटी टाकीच्या पत्र्यातून चेसीला, म्हणजे अर्थला जातो. मीटर फक्त हा करंट किती ते दाखवतं. या सगळ्या रस्त्यात कुठंही तुटलं तर काटा मेलेला किंवा एका टोकाला अडकलेला दिसणार, आणि माझ्या हातून गेलेल्या ट्रॅक्टरांत तरी मीटर स्वतः खराब निघालेलं फार थोड्या वेळा.

मग दोष मीटरमध्ये आहे की टाकीत, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

वायरचा हातभर तुकडा पुरतो. दोन्ही टोकं सोलून घ्या.

चावी लावा, इंजिन चालू करू नका. टाकीवरच्या चकतीच्या मधल्या बोल्टची वायर काढा. आता ती वायर हवेत मोकळी आहे, मीटरकडं बघा. मग सोललेल्या तुकड्यानं तीच वायर चेसीच्या खरवडलेल्या, चकचकीत भागाला टेकवा आणि परत मीटरकडं बघा. हे काम दोघांनी केलेलं बरं: एक टाकीपाशी, दुसरा सीटवर. पोराला बसवलं तरी चालतं, त्यानं फक्त "चढला" नाहीतर "नाय चढला" एवढंच ओरडायचं.

वायर मोकळी असताना काटा एका टोकाला आणि अर्थला टेकवल्यावर दुसऱ्या टोकाकडं निघाला, तर मीटर, फ्यूज आणि मधली वायर तिन्ही ठीक. दोष टाकीतल्या युनिटमध्ये (चकती, दांडी, फ्लोट आणि तारेची गुंडाळी मिळून) किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. काटा दोन्ही वेळा ढिम्म राहिला, तर टाकीला हात लावायची गरजच नाही, मीटरकडं चला.

मीटरच्या मागं टेस्ट लॅम्प (वायर जोडलेला छोटा बल्ब) लावा. चावी लावल्यावर मीटरच्या एका पायावर, म्हणजे वायर जोडायच्या टोकावर, करंट आलाच पाहिजे. येत नसेल तर फ्यूज बघा. जळला नसला तरी त्याच्या पकडीवर हिरवट थर चढलेला असतो, पॉलिश पेपर मारला की काम होतं. करंट येतोय, मीटरचा दुसरा पाय तिथंच अर्थला टेकवला तर काटा चढतोय, पण टाकीकडून टेकवला तर चढत नाही, याचा अर्थ मधली वायर तुटली आहे. आणि मीटरपाशी टेकवूनही काटा चढत नसेल, तेव्हाच मीटर गेलं असं म्हणा.

अर्थला टेकवलेली वायर तशीच धरून बसू नका. काटा अर्ध्याच्या पुढं गेला की सोडा. आणि बॅटरीचा प्लस थेट टाकीच्या बोल्टला कधीच लावू नका. आतली तार केसासारखी बारीक असते, तेवढ्यात जळून जाते.

अर्थला टेकवलं तर काटा 'एम्प्टी'वर जातो, मोकळी सोडली तर 'फुल'वर. उलटं कसं?

उलटं नाही, वेगळ्या जातीचं आहे. ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप. काही मीटर कमी ओहमला 'फुल' दाखवतात, काही 'एम्प्टी'. अमेरिकन पद्धतीचं युनिट रिकाम्या टाकीला साधारण २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला साधारण ३३ ओहम देतं. युरोपियन पद्धतीत रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८० असतं. अर्थला टेकवणं म्हणजे जवळपास शून्य ओहम, म्हणून असा काटा 'एम्प्टी'वर जातो. आपल्याकडचे जुने ट्रॅक्टर वेगवेगळ्या देशांच्या मूळ मॉडेलांवरून आले: महिंद्राचा बी-२७५ इंटरनॅशनल हार्वेस्टरचा, टॅफेचे मॅसी फर्ग्युसन इंग्लंडच्या घराण्यातले, एचएमटीचा पाया चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा. त्यात तीस-चाळीस वर्षांत कुणी कुठलं मीटर बसवलं असेल याचा नेम नाही. म्हणून पुस्तकात काय लिहिलंय त्यापेक्षा समोर काटा कुठं जातो ते बघा.

चावी लावल्यावर काटा हळूहळू, दहा-पंधरा सेकंदांनी वर येतो. बिघडलाय का?

नाही. हे गरम होऊन वाकणाऱ्या पट्टीचं मीटर आहे. करंटनं आतली पट्टी तापते, वाकते आणि काटा सरकतो. याला मागं बहुधा दोनच पाय असतात. चावी लावताच टुणकन उडी मारणारा काटा कॉइलचा असतो, त्याला बहुधा तीन पाय. हळू मीटरचा एक फायदा म्हणजे नांगरटीत डिझेल हिंदकळलं तरी काटा नाचत नाही.

डिझेल आणि टेंपरेचर, दोन्ही काटे एकाच वेळी चुकीचं दाखवायला लागले. योगायोग?

दोन मीटर एकाच दिवशी मरत नाहीत. पट्टीच्या मीटरांना करंट देणारी एक छोटी डबी डॅशबोर्डच्या मागं असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. बारा व्होल्टचे ती सरासरी दहाच्या आसपास करून दोन्ही मीटरांना देते. तिची अर्थिंग सुटली की पुरे बारा व्होल्ट पुढं जातात आणि दोन्ही काटे जास्त दाखवतात. इंजिन गार असताना टेंपरेचर चढलेलं आणि टाकी अर्धी असताना डिझेल 'फुल', असं दिसलं तर आधी या डबीचा स्क्रू आवळा. दोन्ही काटे मेले असतील तर डबी गेली किंवा फ्यूज.

सगळे 'अर्थिंग, अर्थिंग' म्हणतात. ते नेमकं कुठं बघायचं?

या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो, कारण अर्धे काटे इथंच मेलेले असतात.

टाकी चेसीवर थेट बसत नाही. खाली रबराचे तुकडे किंवा नमदा असतो, वर पट्टा, पट्ट्याखालीही रबर. नवीन असताना बोल्टांतून कुठंतरी पत्र्याला पत्रा लागलेला असतो. मग दिवाळीला ट्रॅक्टरला रंग दिला जातो. टाकी उतरवून, घासून, चांगले दोन हात मारून परत बसवली जाते. रंग म्हणजे करंटला भिंत. ट्रॅक्टर नवरदेवासारखा दिसतो आणि दुसऱ्या दिवसापासून काटा बंद. "रंगवायच्या आधी चालत होता हो" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता आधी रंग कधी दिला तेच विचारतो.

तपासणी सोपी. टाकीची वायर जागेवर असू द्या. चावी लावा, हातभर वायरचं एक टोक चकतीच्या एखाद्या स्क्रूला (मधल्या बोल्टला नव्हे) आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. काटा जिवंत झाला की निदान झालं. इलाजही तोच: चकतीच्या एका स्क्रूखाली रिंग टर्मिनल लावून काळी वायर घ्या आणि ती चेसीच्या खरवडलेल्या बोल्टखाली आवळा. वर थोडं ग्रीस. रंग कितीही द्या, पुन्हा त्रास नाही.

एक सूचना. काही जुन्या इंग्रजी बनावटीच्या ट्रॅक्टरना बॅटरीचा प्लस चेसीला असतो. तुमचा तसा असेल तर वर जिथं मायनस म्हटलंय तिथं प्लस समजा. बॅटरीची जाड वायर कुठं जाते ते बघूनच हात घाला.

मधली वायर तुटली असेल तर शोधायची कशी?

शोधू नका, नवीन ओढा. उंदरांनी एका ठिकाणी कुरतडली असेल तर आणखी दोन ठिकाणी कुरतडलेली असते. सुगी संपली, ट्रॅक्टर महिनाभर शेडमध्ये उभा राहिला की बॉनेटखाली त्यांचा संसार. सायलेन्सरपासून लांबून, जाड प्लास्टिक नळीतून वायर घ्या. वायरच्या रंगावर विसंबू नका. जुन्या ट्रॅक्टरमध्ये मागच्या वायरमनच्या खिशात जो रंग होता तोच लागलेला असतो.

टाकीतलं युनिट काढताना काय सांभाळायचं?

बॅटरीची अर्थची वायर आधी काढा. विडी-सिगारेट लांब. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं, पण उन्हात तापलेली अर्धी रिकामी टाकी हा खेळ नाही.

मग चकतीभोवतीची माती. तिथं वर्षानुवर्षांचं भुसकट, धूळ आणि डिझेल मिळून काळा लगदा झालेला असतो. आधी ब्रश, मग डिझेलचं फडकं, मग हवा. हे न करता स्क्रू सोडले तर सगळा लगदा टाकीत, तिथून फिल्टरमध्ये. चकती टाकीच्या बाजूला असेल तर डिझेल तिच्या खालपर्यंत काढून घ्या, नाहीतर शेवटचा स्क्रू सुटताच बाहीतून कोपरापर्यंत डिझेल येतं.

चकती कुठल्या बाजूला तोंड करून आहे त्याची खूण खिळ्यानं करून ठेवा. पुष्कळ चकत्यांची भोकं मुद्दाम असमान असतात, एकाच स्थितीत बसतात; पण सगळ्यांची नसतात. उलटी बसली तर फ्लोट टाकीच्या भिंतीला घासतो. बाहेर काढताना सरळ ओढू नका, तिरकं करून आधी दांडी आणि मग फ्लोट काढा. ओढाताणीत दांडी वाकली की पुढचं सगळं गणित चुकलं.

स्प्रिंग वॉशर आत पडला? पडतोच. दोऱ्याला स्पीकरचा लोहचुंबक बांधून सोडा. भोकावर फडकं ठेवून काम केलं असतं तर पडला नसता, पण हे पडल्यावरच आठवतं.

युनिट हातात आलं. आता काय बघू?

फ्लोट कानाजवळ हलवा. आत डुबुक डुबुक वाजलं तर फ्लोटमध्ये डिझेल शिरलंय. तो बुडून तळाशी बसतो आणि टाकी भरलेली असली तरी काटा रिकामी दाखवतो. कधी दांडीवरून फ्लोट निसटलेलाही असतो.

मग मल्टिमीटर ओहमवर. एक वायर मधल्या बोल्टला, दुसरी चकतीच्या पत्र्याला. दांडी अगदी सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखी, खालून वर न्या. आकडा एका दिशेनं सरकत गेला पाहिजे. मध्येच 'ओपन' दाखवून परत आला तर तिथं तार झिजलेली आहे. चालत्या ट्रॅक्टरवर हेच 'पाऊण टाकीला काटा एकदम पडतो आणि परत येतो' असं दिसतं. काटा असलेलं जुन्या पद्धतीचं मल्टिमीटर मिळालं तर या कामाला डिजिटलपेक्षा सरस. आकडे बदलायला वेळ लागतो, काट्याचा झटका लगेच दिसतो.

तार शाबूत आणि फक्त काळा चिकट थर असेल तर स्वच्छ डिझेल आणि दात घासायचा मऊ ब्रश पुरतो. पॉलिश पेपर इथं नको. सरकणारी पत्ती सैल झाली असेल तर नखानं जराशी दाबून तिचा ताण वाढवा.

पितळी फ्लोटला डाग देऊन चालेल?

चालेल. भोक शोधायला फ्लोट कडक गरम पाण्यात बुडवा. आतली हवा फुगते आणि भोकातून बुडबुड्यांची माळ निघते. तिथं खूण करा. आतलं डिझेल पूर्ण काढल्याशिवाय मात्र आच लावू नका: दुसरं बारीक भोक पाडून निथळून घ्या, उन्हात ठेवा, मग एक भोक बुजवून, फ्लोट गार झाल्यावर दुसरं. सोल्डर थोडाच वापरा. ढेप लावली तर फ्लोट जड होऊन खोल तरंगतो आणि काटा कायम थोडा कमी दाखवतो. प्लास्टिकच्या फ्लोटला चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका.

पॅकिंग जुन्या ट्यूबचं कापलं तर?

नको. पंक्चरवाल्याकडची ट्यूब डिझेलमध्ये फुगते, मऊ पडते, आणि महिन्याभरात चकतीभोवती ओल दिसायला लागते. साध्या सिलिकॉनचंही तेच. कॉर्क शीट किंवा डिझेल सोसणारं नायट्राइल रबर घ्या, दोन्ही बाजूंना शेलॅकचा (लाखेच्या वार्निशचा) पातळ हात. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. मधल्या बोल्टखालचा फायबर वॉशर फुटला असेल तर बदला. तिथून डिझेलही झिरपतं आणि बोल्ट पत्र्याला लागून काटा एका टोकाला चिकटतो.

नवीन युनिट टाकलं, पण अर्धी टाकी असताना काटा पाऊण दाखवतो.

मीटर आणि युनिट एकाच ओहमचे नाहीत, किंवा दांडीची लांबी तुमच्या टाकीची नाही. दुकानात 'ट्रॅक्टरचं युनिट द्या' म्हणू नका. जुनं बरोबर न्या, दांडी लावून बघा आणि जमलं तर दोन्ही टोकांचे ओहम मोजून घ्या. आकडे जुळत नसतील तर मीटर-युनिटची जोडीच घ्या.

फरक थोडा असेल तर दांडी वाकवून जमतं. दांडी वरच्या बाजूला वाकवली तर काटा कमी दाखवतो, खाली वाकवली तर जास्त. मी स्वतः मुद्दाम वर वाकवतो, इतकी की टाकीत पाच-सहा लिटर असतानाच काटा 'एम्प्टी'ला टेकावा. मग टाकी काठोकाठ भरली तरी काटा पूर्ण चढत नाही, पण भरलेल्या टाकीची काळजी कुणाला आहे?

अर्ध्यापर्यंत काटा हळू येतो आणि पुढं भरकन उतरतो.

टाकीचा आकार तसा आहे. बॉनेटखालची टाकी वर रुंद, खाली अरुंद असते, म्हणून खालच्या बोटभर उंचीत वरच्यापेक्षा कमी डिझेल. रिकामी टाकी एकदा पाच-पाच लिटरनं भरा आणि प्रत्येक वेळी काचेवर मार्करची बारीक रेघ मारा. अर्ध्या तासाचं काम. आणि वाचन नेहमी सपाट जागेवर. बांधावर तिरक्या उभ्या ट्रॅक्टरचा काटा खरं बोलत नाही.

इतका खटाटोप कशाला? काडी घालून बघतोच की.

बघा, मीही बघतो. पण तुराटी घालत असाल तर तिची साल टाकीत सुटते आणि डिझेल बाहेर जातं त्या तोंडावरची जाळी तुंबते. चढावर ट्रॅक्टर दम धरेना, फिल्टर नवा, पंप ठीक, आणि शेवटी जाळीवर सालींचा गोळा निघाला, हे मी पाहिलंय. ॲल्युमिनियमची पट्टी घ्या आणि तिच्यावर पाच-पाच लिटरच्या खुणा खोदा.

डिझेल संपलं तर आणून ओतायचं. त्यात काय एवढं?

पेट्रोलच्या गाडीत काही नाही. डिझेल इंजिन मात्र 'एअर घेतं'. पाइपात, फिल्टरमध्ये, पंपात हवा शिरली की नुसतं डिझेल ओतून ते चालू होत नाही.

आमच्याबाबतीत ते ऊसतोडीच्या हंगामात झालं. रात्री अकराला उसानं भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याच्या अलीकडच्या चढाला इंजिन धापा टाकायला लागलं आणि थांबलं. मागं बैलगाड्यांची रांग. ड्रायव्हरनं सेल्फ मारून मारून बॅटरी संपवली, मग कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरून बॅटरी आणली. मोबाइलच्या उजेडात एअर काढेपर्यंत दीड वाजला. आबा एवढंच म्हणाले, "काट्याला पैसे नव्हते ना तुझ्याकडं?"

एअर काढायची पद्धत अशी. टाकीत निदान दहा लिटर घाला, कॉक उघडा. फिल्टरवरचा एअर बोल्ट सैल करा आणि फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) हाताची दांडी मारत राहा. फेसाळ डिझेल येईल, मग बुडबुडे कमी होत स्वच्छ धार येईल. धार चालू असतानाच बोल्ट आवळा. पुढं नोझलना डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपावरच्या बोल्टला तेच. दांडी पोकळ लागत असेल, दाब येतच नसेल, तर आतला कॅम वर आलेला असतो: इंजिन थोडं फिरवा, परत मारा. शेवटी नोझलचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडांचे) नट सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की एकेक आवळा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. तो दाब कातडीतून आत घुसतो; तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा.

टाकीला भोक आहे, युनिट काढलंच आहे तर वेल्डिंग मारून घेऊ?

नाही. रिकामी दिसणारी टाकी वाफेनं भरलेली असते आणि ठिणगीनं फुटते. हे काम टाकी धुऊन, वाफ काढून करणाऱ्या जाणकाराकडंच द्या.

जुनं युनिट टाकून देऊ का?

ठेवा. चकती, फायबर वॉशर, दांडी आणि फ्लोट पुढच्या वेळी लागतात. डिझेलच्या फडक्यात गुंडाळून टूलबॉक्समध्ये टाका, आणि चिठ्ठीवर दोन्ही टोकांचे ओहम लिहून ठेवा.